इतिहासाचा पारखी : अल्लामा इब्ने खल्दून

सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना सर्वांत कंटाळवाणा विषय कोणता असे विचारले, तर पुष्कळांच्या तोंडी इतिहासाचे नाव येते. सनावळ्या पाठ करायच्या, लढायांची कारणे व परिणाम क्रमवार लिहायचे आणि परीक्षा संपताच सारे विसरून जायचे, अशी या विषयाची आजची अवस्था आहे. पुस्तकात छापले आहे म्हणून ते खरे, गुरुजींनी सांगितले म्हणून ते खरे, आणि आता तर मोबाईलवर कुणीतरी पाठविले म्हणून तेही खरे, अशी सवय मुलांना लागते. छापलेली गोष्ट खरी कशावरून, ती प्रथम कोणी सांगितली, सांगणाऱ्याला ती कशी कळली, असा प्रश्न विचारण्याचे धाडस फार थोडे विद्यार्थी करतात.

हे प्रश्न कसे विचारावेत याचे शास्त्र सहाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी एका मुसलमान विद्वानाने लिहून ठेवले. त्यांचे नाव अल्लामा अब्दुर्रहमान इब्ने खल्दून. इतिहासशास्त्र आणि समाजशास्त्र यांचा विचार करणाऱ्या जगातील विद्वानांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. आपल्या घरांत मात्र त्यांचे नाव क्वचितच ऐकू येते. विद्यार्थी मित्रांना आणि पालक बंधू-भगिनींना या थोर पुरुषाच्या चरित्राची व कार्याची ओळख व्हावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

जन्म, घराणे आणि शिक्षण

इब्ने खल्दून यांचा जन्म १ रमजान ७३२ हिजरी, म्हणजे २७ मे १३३२ रोजी उत्तर आफ्रिकेतील ट्युनिस शहरी झाला. त्यांचे घराणे मूळचे दक्षिण अरबस्तानातील हद्रमौतचे. पूर्वज स्पेनमध्ये गेले आणि सेव्हिल शहरात त्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मानमरातब भोगला. पुढे तेराव्या शतकात ते शहर ख्रिस्ती राजांच्या हाती गेले. त्याच सुमारास हे घराणे समुद्र ओलांडून ट्युनिसला येऊन स्थायिक झाले. घरात राजकारण होते आणि विद्याही होती. त्यांच्या वडिलांनी मात्र दरबारापासून दूर राहून विद्येचा मार्ग पत्करला होता.

बालपणीच त्यांनी कुरआन शरीफ मुखोद्गत केले. हदीस, मालिकी फिकह, अरबी व्याकरण आणि काव्य यांचे शिक्षण ट्युनिसच्या नामांकित उस्तादांकडून घेतले. १३४७ मध्ये मोरोक्कोच्या मरीनी सुलतानाने ट्युनिस जिंकले. त्याच्या लवाजम्यात अनेक विद्वान आले. त्यांपैकी अल-आबिली यांच्याजवळ तरुण अब्दुर्रहमान गणित, तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकले. या गुरूचा ठसा त्यांच्या मनावर जन्मभर राहिला.

पण हे सुख फार दिवस टिकले नाही. १३४८-४९ मध्ये प्लेगची भयंकर साथ आली. या साथीने आशिया, युरोप आणि आफ्रिका या तिन्ही खंडांत हाहाकार माजविला. वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षाच्या आसपास इब्ने खल्दून यांच्या डोक्यावरून आई-वडिलांचे छत्र गेले. अनेक गुरुजनही याच साथीने हिरावून नेले. भरलेली शहरे ओस पडताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली. समाज कसा उभा राहतो आणि कसा ढासळतो, हा त्यांच्या पुढील चिंतनाचा मुख्य विषय झाला. त्याचे बीज या कोवळ्या वयातील आघातात असावे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

दरबार, तुरुंग आणि भटकंती

विसाव्या वर्षाच्या सुमारास ट्युनिसच्या दरबारात त्यांना शाही पत्रांवर मायना लिहिण्याची जागा मिळाली. पुढे ते मोरोक्कोची राजधानी फेज येथे सुलतान अबू इनान याच्या दरबारात गेले. तेथे मान मिळाला, पण कटाचा संशय येऊन १३५७ मध्ये ते तुरुंगात पडले. सुमारे एकवीस महिने त्यांनी बंदिवास भोगला. १३५८ मध्ये सुलतानाचा मृत्यू झाल्यावरच त्यांची सुटका झाली.

१३६२ मध्ये ते स्पेनमधील ग्रानाडा राज्यात गेले. १३६४ मध्ये ग्रानाडाच्या सुलतानाचे वकील म्हणून त्यांना कॅस्टिलचा ख्रिस्ती राजा पेद्रो याच्याकडे सेव्हिलला पाठविण्यात आले. ज्या शहरात पूर्वजांनी वैभव भोगले, ते शहर त्यांनी अशा रीतीने पाहिले. आपल्याजवळ राहिल्यास पूर्वजांची मालमत्ता परत देऊ, असे पेद्रोने त्यांना सांगितले. त्यांनी नम्रपणे नकार दिला आणि कामगिरी पुरी करून ते परत फिरले.

त्यानंतर १३६५ मध्ये ते आजच्या अल्जीरियातील बिजाया येथे हाजिब, म्हणजे मुख्य कारभारी झाले. पुढच्याच वर्षी तेथील अमीर आपल्या चुलतभावाशी लढताना मारला गेला. तेव्हा इब्ने खल्दून यांनी शहर विजेत्याच्या स्वाधीन केले आणि काही काळाने तेथूनही पाय काढला. पुढील काही वर्षे एका सुलतानाकडून दुसऱ्याकडे, आणि दरबारातून वाळवंटातील टोळ्यांकडे, असा त्यांचा प्रवास चालला. राज्ये कशी मिळतात, कशी टिकतात आणि कशी बुडतात याचा पुस्तकात न मिळणारा अनुभव त्यांना या काळात मिळाला.

एका गढीत लिहिलेला ग्रंथ

राजकारणाला कंटाळलेले इब्ने खल्दून १३७५ मध्ये कुटुंबासह कलअत इब्ने सलामा या गढीत जाऊन राहिले. हे ठिकाण आजच्या अल्जीरियात आहे. तेथे ते जवळजवळ चार वर्षे होते. याच एकांतात त्यांनी आपल्या जगप्रसिद्ध ग्रंथाचा आरंभ केला. ‘किताबुल इबर’ हा त्यांचा मोठा इतिहासग्रंथ, आणि त्याची प्रस्तावना व पहिला भाग मिळून जे पुस्तक झाले ते ‘मुकद्दमा’. मुकद्दम्याचा पहिला खर्डा त्यांनी १३७७ मध्ये केवळ पाच महिन्यांत पुरा केला. तेव्हा त्यांचे वय पंचेचाळीस वर्षांचे होते.

त्या गढीत मोठे ग्रंथालय नव्हते. विचार मनात होते, अनुभव गाठीशी होता, पण मजकूर पडताळून पाहण्यासाठी ग्रंथ हवे होते. म्हणून १३७८ मध्ये ते जन्मगावी ट्युनिसला परतले. स्मरणशक्ती कितीही दांडगी असली तरी मूळ ग्रंथ पाहिल्याशिवाय इतिहास पुरा करू नये, ही त्यांची शिस्त आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

खोट्या बातम्या का पसरतात?

इतिहासाच्या ग्रंथांत खोटी माहिती का शिरते, याची कारणे इब्ने खल्दून यांनी मुकद्दम्यात एकेक करून मांडली आहेत. माणूस एखाद्या मताचा किंवा पंथाचा अभिमानी असला की आपल्या बाजूची बातमी तो तपासल्याशिवाय स्वीकारतो. बातमी सांगणाऱ्यावर तो आंधळा विश्वास ठेवतो. घटनेमागचा हेतू पुष्कळदा सांगणाऱ्यालाच कळलेला नसतो. आपल्याला ठाऊक आहे तेच सत्य, असे माणूस गृहीत धरतो. एखादा प्रसंग मुद्दाम रचलेला देखावा होता, हे पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. बड्या लोकांची मर्जी संपादन करण्यासाठी लोक त्यांची स्तुती रंगवून लिहितात. आणि सर्वांत मोठे कारण असे की, मानवी समाज कोणत्या नियमांनी चालतो याचेच ज्ञान लिहिणाऱ्याला नसते.

हदीसच्या विद्वानांनी सनद तपासण्याचे, म्हणजे सांगणाऱ्या माणसांची साखळी आणि त्यांचा प्रामाणिकपणा पारखण्याचे फार मोठे शास्त्र उभारले होते. इब्ने खल्दून हे त्याच परंपरेत वाढले. शरीअतच्या आज्ञांबाबत रावी विश्वासू असणे हीच मुख्य कसोटी, हे त्यांना मान्य होते. परंतु घडलेल्या घटनांची बातमी असेल तर, त्यांच्या मते, आधी ती गोष्ट घडणे शक्य होते का हे पाहिले पाहिजे. अशक्य गोष्ट कितीही भल्या माणसाने सांगितली तरी ती शक्य होत नाही. ती शक्य आहे असे दिसले, तरच सांगणाऱ्याची चौकशी करण्यात अर्थ आहे.

सहा लाखांचे सैन्य

ही कसोटी ते कशी लावीत याचे एक उदाहरण आपल्या मुलांनी वहीत हिशेब मांडून करून पाहण्याजोगे आहे. हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांनी बनी इस्राईलच्या लढाऊ पुरुषांची मोजणी केली तेव्हा वीस वर्षांवरील पुरुष सहा लाख किंवा त्याहून अधिक भरले, असे मसऊदी आणि इतर इतिहासकारांनी लिहिले होते. मसऊदी हे मोठे नाव. पण नाव मोठे म्हणून इब्ने खल्दून थांबले नाहीत.

त्यांनी विचारले, एवढ्या सैन्याला पोसण्याची ताकद त्या मुलखात होती का? इतके लोक रणांगणावर रांगेत उभे केले तर रांग नजरेच्या कितीतरी पलीकडे जाईल. एका टोकाला काय चालले आहे ते दुसऱ्या टोकाला कळणार नाही. मग अशा सैन्याने लढावे कसे? इराणचे साम्राज्य बनी इस्राईलच्या राज्याहून कितीतरी मोठे होते. तरी कादिसियाच्या लढाईत इराणी सैन्याचा सर्वांत मोठा सांगितलेला आकडा १ लाख २० हजार होता, आणि नोकरचाकर धरून तो दोन लाखांवर जात होता. शिवाय हजरत याकूब (अलैहिस्सलाम) आणि हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांच्यामध्ये चारच पिढ्यांचे अंतर सांगितले जाते, आणि मिसरमध्ये शिरताना त्या कुटुंबात सत्तर माणसे होती. चार पिढ्यांत सत्तरांचे सहा लाख कसे होतील?

आपल्या मुलांनी हा गुणाकार जरूर करावा. प्रत्येक पिढीत नऊपट वाढ झाली असे धरले, तरी चार पिढ्यांनंतर आकडा ४ लाख ५९ हजार २७० होतो. दहापट धरली तर ७ लाख होतो. म्हणजे प्रत्येक पुरुषाला नऊ ते दहा मुलगे व्हावेत आणि ते सर्व जगावेत, तेव्हा हा आकडा जमणार. इतिहासाच्या तासाला गणिताची अशी गाठ पडली की मुलांचा कंटाळा पळून जातो.

विशेष म्हणजे हाच हिशेब त्यांनी स्वतःच्या घराण्यालाही लावला. त्यांच्या शिजऱ्यात स्वतःपासून मूळ पुरुष खल्दूनपर्यंत दहाच नावे होती. खल्दून स्पेनमध्ये आला त्याला सुमारे सातशे वर्षे झाली असे मानले जात होते. शंभर वर्षांत तीन पिढ्या धरल्या तर वीसएक नावे हवीत. तेव्हा मधली तितकीच नावे गळाली असावीत, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात स्वच्छ लिहून टाकले. दुसऱ्याच्या बातमीवर शंका घेणे सोपे असते. स्वतःच्या खानदानाच्या कागदावर बोट ठेवायला मन मोठे लागते.

समुद्राच्या तळाशी सिकंदर

दुसरे उदाहरण सिकंदराचे. अलेक्झांड्रिया शहर बांधताना समुद्रातील राक्षस अडथळा आणीत होते, म्हणून सिकंदर लाकडी पेटीत बसविलेल्या काचेच्या पेटीतून समुद्राच्या तळाशी गेला, राक्षसांची चित्रे काढून आणली आणि त्यांच्या धातूच्या मूर्ती उभारताच राक्षस पळून गेले, अशी एक कहाणी ग्रंथांत सांगितली जात होती. इब्ने खल्दून यांनी तिची चिकित्सा केली. कोणताही राजा स्वतःचा जीव असा धोक्यात घालीत नाही. आणि बंद पेटीत पाण्याखाली गेलेल्या माणसाला श्वासाला पुरेशी हवा मिळणार नाही, तो गुदमरून मरेल. हमामखान्यात हवा कोंडली की काय होते, खोल विहिरीत उतरलेल्या माणसाचे काय होते, हे त्यांनी दाखल्यादाखल मांडले. विज्ञानाचे ज्ञान इतिहासाच्या कामी येते ते असे.

दिल्लीची बातमी आणि तुरुंगातील मुलगा

कुणाला वाटेल की इब्ने खल्दून यांनी केवळ अविश्वास शिकविला. तसे नाही. त्यांनी सांगितलेली एक हकीकत आपल्या हिंदुस्थानाशी, आणि थोडी आपल्या महाराष्ट्राशीही जोडलेली आहे.

प्रसिद्ध प्रवासी इब्ने बतूता याने दिल्लीस सुलतान मुहम्मद तुघलकाच्या पदरी काझी म्हणून काम केले होते. याच सुलतानाने १३२७ मध्ये आपल्या औरंगाबादजवळच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) देवगिरीला दौलताबाद नाव देऊन राजधानी केले होते, आणि इब्ने बतूता दौलताबादही पाहून गेला होता. मायदेशी परतल्यावर फेजच्या दरबारी तो हिंदुस्थानातील गोष्टी सांगू लागला. सुलतान प्रवासाला निघाला की दिल्लीच्या सर्व लोकांना सहा महिन्यांची शिधासामग्री देतो, आणि परत येतो तेव्हा यंत्रांतून नाण्यांच्या थैल्या गर्दीवर उधळतो, असे तो सांगे. दरबारी मंडळी आपसांत कुजबुजू लागली की हा गृहस्थ थापा मारतो आहे.

इब्ने खल्दून यांनाही संशय आला. त्यांनी तो वजीर फारिस बिन वद्रार यांच्याजवळ बोलून दाखविला. वजिरांनी त्यांना सावध केले. आपण पाहिले नाही एवढ्यावरून परमुलखाची गोष्ट खोटी ठरवू नये, असे सांगून त्यांनी एक दृष्टान्त दिला. एक वजीर तुरुंगात पडला. त्याचा लहान मुलगा तेथेच वाढला. जेवणात आलेले मांस कशाचे, असे मुलाने विचारले. बापाने मेंढीचे म्हणून सांगितले आणि मेंढीचे वर्णन केले. तेव्हा मुलगा विचारू लागला की मेंढी उंदरासारखी असते का? कारण तुरुंगात त्याने उंदराखेरीज दुसरा प्राणी पाहिलाच नव्हता.

स्वतःची ही शंका आणि वजिरांकडून मिळालेला धडा, दोन्ही त्यांनी आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले. आपल्या पसंतीची गोष्ट झटकन खरी मानणे हा जसा दोष, तसा आपल्या अनुभवाबाहेरची गोष्ट झटकन खोटी मानणे हाही दोषच. वस्तूचा स्वभाव पाहावा, शक्य-अशक्याची सीमा ठरवावी आणि मगच निर्णय करावा, असे त्यांचे सांगणे आहे.

काळ बदलतो हे विसरू नये

आणखी एक चूक त्यांनी दाखविली, आणि ती शिक्षकांविषयीच आहे. उमय्या काळातील प्रसिद्ध सरदार हज्जाज याचे वडील मुलांना शिकवीत असत. इब्ने खल्दून यांच्या काळी मुलांना शिकविणे हा गरीब व दुबळ्या माणसाचा पोटापाण्याचा धंदा झाला होता. त्यामुळे लोकांना वाटे की हज्जाजचे घराणे सामान्य असावे. त्यांनी दाखवून दिले की इस्लामच्या आरंभीच्या काळात शिकविणे हा धंदा नव्हताच. दीनचे ज्ञान पोहोचविणे हे मोठ्या घराण्यांतील मान्यवर पुरुषांचे काम होते. आजचा चष्मा लावून कालचा माणूस मोजला की अशी गफलत होते. दुर्दैवाने शिक्षकाला कमी लेखण्याची ती सवय आपल्याही समाजात अधूनमधून दिसते.

काहिरा : काझींच्या आसनावर

ट्युनिसमध्येही हेवेदावे सुरू झाले. १३८२ मध्ये हजच्या निमित्ताने इब्ने खल्दून यांनी जन्मभूमी सोडली आणि ते १३८३ च्या आरंभी काहिरास पोहोचले. त्यांची कीर्ती आधीच पोहोचली होती. अल-अझहरमध्ये विद्यार्थी त्यांच्याभोवती जमू लागले. १३८४ मध्ये सुलतान बरकूक याने त्यांना मालिकी पंथाचे मुख्य काझी नेमले.

इतिहासात लावलेली कसोटी त्यांनी न्यायासनावरही सोडली नाही. पैसे घेऊन साक्ष देणारे साक्षीदार, वक्फच्या मिळकतींचे बनावट कागद करणारे लेखक, मर्जीप्रमाणे फतवे देणारे मुफ्ती यांच्यावर त्यांनी कडक कारवाई केली. शिफारस चालू दिली नाही. साहजिकच शत्रू वाढले आणि वर्षभराच्या आत ते पद गेले. याच काळात त्यांच्यावर दुसरे दुःख कोसळले. ट्युनिसहून त्यांच्याकडे येणारे कुटुंब जहाज बुडून समुद्रात गेले. आई-वडील साथीने नेले होते, आता पत्नी आणि मुले पाण्याने नेली. त्यांनी स्वतःला अध्यापनात आणि लेखनात गुंतवून घेतले. १३८७ मध्ये हज केला. पुढे काझीपद त्यांच्याकडे पुन्हापुन्हा आले आणि गेले. एकूण सहा वेळा ते या पदावर होते.

तैमूरची भेट

१४०१ च्या आरंभी तैमूरने दमिष्कला वेढा दिला होता. हाच तैमूर १३९८ मध्ये दिल्ली लुटून गेला होता. इजिप्तचा तरुण सुलतान सैन्यासह काहिराला परतला, पण इब्ने खल्दून दमिष्कमध्येच अडकले. अडुसष्ट वर्षांचा हा वृद्ध विद्वान दोराच्या साह्याने शहराच्या तटावरून खाली उतरला आणि तैमूरच्या छावणीत गेला. ते सुमारे पस्तीस दिवस तेथे राहिले. तैमूरने मगरीबच्या देशांविषयी बारकाईने विचारले आणि त्यांच्याकडून त्या मुलखाचे वर्णन लिहवून घेतले. पुढे दमिष्क लुटले गेले, आगी लागल्या आणि जामा उमवी मशीदही जळाली. इब्ने खल्दून जीव वाचवून काहिराला आले आणि डोळ्यांनी पाहिलेले त्यांनी लिहून ठेवले.

२६ रमजान ८०८ हिजरी, म्हणजे १७ मार्च १४०६ रोजी काझीपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. काहिराच्या बाबुन्नस्र दरवाजाबाहेरील सूफींच्या कब्रस्तानात त्यांना दफन करण्यात आले.

त्यांच्याच कसोटीवर ते

थोर पुरुषाचे चरित्र सांगताना केवळ गुणगान केले तर त्यांनीच दाखविलेल्या दोषात आपण सापडू. त्यांच्या आयुष्याची बरीचशी माहिती त्यांच्या स्वतःच्या आत्मचरित्रातून येते. त्यात दरबार, पदव्या आणि प्रवास यांचा तपशील भरपूर आहे, घरच्या माणसांविषयी फार थोडे आहे. त्यांनी वारंवार बाजू बदलली ती नाइलाजाने की महत्त्वाकांक्षेने, हे केवळ त्यांच्या शब्दांवरून ठरविता येणार नाही. काहिरात त्यांना ऐकलेल्या विद्वानांत मकरीझी यांनी मुकद्दम्याची मनापासून प्रशंसा केली, तर इब्ने हजर अस्कलानी यांनी त्यांच्यावर टीका केली. एकाच माणसाविषयी दोन जाणकार साक्षीदार दोन तऱ्हांनी बोलतात, आणि इतिहास शिकणाऱ्याने दोघांचेही ऐकायचे असते. मुकद्दम्यात सांगितलेली कसोटी त्यांनी आपल्या मोठ्या इतिहासग्रंथात सर्वत्र पाळली नाही, असेही अभ्यासक दाखवितात. हवामानावरून आणि वर्णावरून मानवजातींविषयी त्यांनी काढलेले काही निष्कर्ष आज कोणीही मान्य करणार नाही. त्याने त्यांची थोरवी उणी होत नाही. तपासून पाहण्याची वाट त्यांनीच दाखविली आहे.

मुलांना कसे शिकवावे?

शिक्षणाविषयी त्यांनी मुकद्दम्यात लिहिलेले पालकांनी आणि शिक्षकांनी मनावर घ्यावे असे आहे. विषय एकदम लादू नये. प्रथम ढोबळ ओळख, दुसऱ्या वेळी स्पष्टीकरण आणि तिसऱ्या वेळी बारीक अडचणींचा उलगडा, अशा तीन पायऱ्यांनी तो शिकवावा. संक्षिप्त सारपुस्तके पाठ करून विद्या येत नाही, उलट बुद्धीवर ओझे पडते. आपल्याकडील गाईडे पाहिली की हे बोल किती खरे आहेत ते पटते. त्यांच्या काळी मोरोक्कोत विद्यार्थी सोळा वर्षे मदरशात राहत, ट्युनिसमध्ये पाच. लांब मुदतीचे एक कारण त्यांनी असे दिले की तेथील मुले वर्षानुवर्षे गप्प बसून पाठ करीत आणि चर्चेत तोंड उघडीत नसत.

मारझोडीविषयी तर त्यांचे मत फारच मोलाचे आहे. ज्या मुलावर सतत कडक शिक्षेचा धाक असतो त्याचा उत्साह मरतो, तो आळशी होतो आणि मार चुकविण्यासाठी खोटे बोलायला शिकतो. पुढे ते खोटे त्याचा स्वभाव बनते. इतिहासाच्या ग्रंथांतील खोटे शोधणाऱ्या या माणसाला ठाऊक होते की खोट्याची सवय पुष्कळदा भीतीपोटी लहानपणीच लागते. ज्या घरात आणि वर्गात प्रश्न विचारणाऱ्याला दटावले जाते, तेथे सत्य शोधणारा मुलगा किंवा मुलगी तयार होणार नाही.

आपण काय करावे?

शालेय पुस्तकांत इतिहासाची भौतिक, लिखित आणि मौखिक साधने शिकविली जातात. ती केवळ व्याख्या पाठ करण्यासाठी नाहीत. आपल्या घरात जुना निकाहनामा, सातबाऱ्याचा उतारा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या मशिदीवरील शिलालेख अशी साधने हाताशी आहेत. मुलाला एखादा कागद द्यावा आणि पाच प्रश्न विचारायला लावावेत. हा कोणी लिहिला? त्याने स्वतः पाहिले की ऐकले? असे लिहिण्यात त्याचा काही लाभ होता का? लिहिले आहे ते घडणे शक्य होते का? आणि त्या काळची रीत आजच्यासारखीच होती का? घरात शिजरा असेल तर शंभर वर्षांना तीन पिढ्या या हिशेबाने तो तपासावा. गावातील एखाद्या पुराची किंवा दुष्काळाची आठवण दोन वडीलधाऱ्या माणसांकडून वेगवेगळी ऐकावी. कोठे मेळ बसतो आणि कोठे बसत नाही, ते लिहून काढावे.

याची आज विशेष गरज आहे. मुसलमान बादशहांविषयी आणि आपल्या पूर्वजांविषयी दोन्ही तऱ्हेच्या गोष्टी मुलांच्या कानावर येतात. काही गोष्टी निव्वळ गौरवाच्या असतात, काही निव्वळ निंदेच्या. निंदा ऐकून मूल खचते किंवा चिडते, गौरव ऐकून फुगते, आणि दोन्ही वेळा तपासायचे राहून जाते. इब्ने खल्दून यांचा विद्यार्थी निंदेला पुरावा मागेल, आणि तितक्याच करड्या नजरेने गौरवालाही पुरावा मागेल. दुसऱ्या समाजाविषयी आलेली बातमीही तो तपासल्याशिवाय पुढे पाठविणार नाही. बातमी आणणाऱ्याची खातरजमा करा, अजाणता कुणाचे नुकसान होऊ देऊ नका, ही तर आपल्याला कुरआन शरीफचीच शिकवण आहे.

ट्युनिसच्या मुख्य रस्त्यावर इब्ने खल्दून यांचा पुतळा उभा आहे, आणि त्यांचा मुकद्दमा जगातील अनेक भाषांत वाचला जातो. आपल्या शाळेतील एखाद्या मुलीने इतिहासाच्या तासाला उभे राहून हे कशावरून, असे अदबीने विचारले आणि तिच्या गुरुजींनी आनंदाने तिला उत्तर शोधायला ग्रंथालयात धाडले, तर या थोर विद्वानाचे ऋण आपण थोडेतरी फेडले असे होईल.